ॲक्सेस पॉइंटच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हात घातला, आता घरात बोलणी खातोय

दुसरा_मजला (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवीये. सहकारनगरला आमचं जुनं रो हाउस आहे, खाली आई-अप्पा, वर आम्ही, भिंती नऊ इंची विटांच्या आणि मधे स्लॅब. फायबरवाल्यांचा डबा (राउटर) खालच्या हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. वर माझ्या टेबलापाशी रेंज म्हणजे देवाच्या मनात असेल तर. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर छताला एक ॲक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन वायफाय पसरवणारं उपकरण) लावला, ती गोल पांढरी थाळी असते ना तसला, खालून केबल ओढून घेतली, पीओईवर चालतो, म्हणजे वीजही त्याच केबलमधून. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला. पहिल्या दिवशी सगळं झकास चाललं होतं. तिथेच थांबायला हवं होतं मी.

रविवारी दुपारी एक व्हिडिओ बघितला आणि 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये शिरलो. जे जे बदललं ते आठवेल तसं सांगतो: पॉवर हाय केली, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला विड्थ (चॅनलची रुंदी) ४०, ५ च्या पट्ट्याला ८० आणि चॅनल १०० (व्हिडिओवाला म्हणाला तिथे गर्दी नसते), सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३, ८०२.११ आर चालू, क्लायंट आयसोलेशन चालू कारण नाव ऐकून काहीतरी चांगलंच असेल असं वाटलं, बीकन इंटरव्हल १०० चा ५० केला, का ते विचारू नका.

आता अप्पांचा प्रिंटर (तो वर माझ्याच खोलीत असतो) वायफायवर येतच नाही, आणि नोव्हेंबर आहे, त्यांना हयातीच्या दाखल्याची प्रिंट हवीये, रोज सकाळी चहाबरोबर विषय निघतो. बायको कॉलवर बोलत बोलत जिना चढली की आवाज तुटायला लागतो, आणि वर आली तरी तिचा फोन खालच्या डब्यालाच चिकटून. वर स्पीडटेस्ट ९४ च्या पुढे जात नाही, प्लॅन २०० चा आहे. शिवाय गुरुवारी लाइट जाऊन आली की पुढे तास दोन तास सगळंच मंद. हे सगळं एकाच चुकीमुळे की प्रत्येकाची वेगळी भानगड?

मी_फक्त_वाचतो

बीकन ५० का केला?

सिंहगडरोड_त्रस्त

हे असले उद्योग कशाला करता राव. मेशचे (एकमेकांशी हवेतूनच जोडले जाणारे) तीन डबे आणा, मोबाइलवरून सेट करा, विसरून जा. आमच्याकडे दोन वर्षं झाली, मी त्या सेटिंगच्या पानावर एकदाही गेलेलो नाही.

वायरवाला

त्रस्त भाऊ, त्यांनी केबल ओढलीये हो! केबल असताना हवेतून जोडणारा मेश कशाला घ्यायचा. मेशच्या दोन डब्यांत वायर नसेल आणि दोघं एकाच रेडिओवर बोलत असतील तर प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, एकदा डब्याकडून डब्याकडे आणि मग फोनकडे, स्पीड तिथेच अर्धा. ज्यांना भिंत फोडायची नाही त्यांच्यासाठी ठीक आहे, नाही म्हणत नाही.

दुसरा_मजला साहेब, आधी थोडी माहिती द्या. वरच्या पॉइंटचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) बंद आहे ना? त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, काय आहे? आणि फोनमध्ये वायफाय ॲनालायझर टाका, मधल्या जिन्यावर उभे राहा, खालच्याचा आकडा किती आणि वरच्याचा किती ते डीबीएममध्ये लिहा, उणे आकडा असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. कांड्या सांगू नका. कांड्या कंपनी ठरवते.

दुसरा_मजला

डीएचसीपी बंदच आहे, आयपी १९२.१६८.१.२, डब्याचा .१.१.

वळणावर जिथे तुळशीची जुनी कुंडी ठेवलीये तिथे उभा राहिलो, हातात फोन धरून, आई खालून विचारतीये काय शोधतोयस. ५ वर खालचा -६७, वरचा -५८. टेबलाशी वरचा -४९. २.४ वर खालचा डबा ऑटोमध्ये चॅनल ३ वर बसलाय, वरचा ९ वर ४० विड्थने. आजूबाजूची नावं मोजली, २३ निघाली, त्यातल्या एकाचं नाव 'दुपारी_१_ते_४_बंद' आहे. आणि ते चारनंतरही दिसत होतं.

बायकोचा आयफोन आहे, हे महत्त्वाचं असेल तर.

निवृत्त_टेलिफोन

महत्त्वाचं आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो. मी दूरसंचार खात्यात बत्तीस वर्षं काढली, आमच्या वेळी एवढं दिसायचं नाही, पण लहरी त्याच आहेत.

पहिलं चॅनलचं. २.४ चा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, एवढाच. चॅनलचे आकडे पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर मांडलेत, पण एक चॅनल वीस रुंद असतो. म्हणजे १, ६ आणि ११, हे तीनच एकमेकांच्या अंगावर न जाणारे. तुमचा डबा ३ वर बसून १ वाल्यांनाही त्रास देतोय आणि ६ वाल्यांनाही. दोघे एकाच चॅनलवर असले तर ते एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात, वेळ जातो पण काम होतं. ३ वरचा माणूस १ वरच्याला समजतच नाही, त्याला ती नुसती खरखर ऐकू येते. आणि ४० विड्थ लावून तुम्ही निम्म्या पट्ट्यावर सतरंजी अंथरलीत, २३ शेजाऱ्यांच्या मधोमध. २.४ ला विड्थ २०, खाली १, वर ६ किंवा ११, जिथे ॲनालायझरमध्ये कमी गर्दी दिसेल तिथे. ऑटो बंद.

दुसरं, बीकन. १०० म्हणजे १०२.४ मिलिसेकंद, सेकंदाला साधारण दहा वेळा डबा 'मी इथे आहे' म्हणून ओरडतो, आणि हे ओरडणं सगळ्यात मंद दरात होतं, म्हातारी उपकरणंही ऐकू शकावीत म्हणून. तुम्ही ते वीस वेळा केलंत. परत १०० करा.

तिसरं विचारतो. खालच्या डब्याची सिक्युरिटी काय आहे?

दुसरा_मजला

डब्ल्यूपीए२. तिथे डब्ल्यूपीए३ चा पर्यायच नाही.

निवृत्त_टेलिफोन

मग झालं की. नाव एक, पासवर्ड एक, पण खाली डब्ल्यूपीए२ आणि वर फक्त डब्ल्यूपीए३, म्हणजे फोनच्या दृष्टीने ही दोन वेगळी घरं झाली. एका घरातून दुसऱ्या घरात तो सहज जात नाही. नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार, तिन्ही सारखे लागतात. प्रिंटरही त्याच कारणाने बाहेर राहिला, त्या वयाच्या प्रिंटरला डब्ल्यूपीए३ येत नाही.

वायरवाला

+१. दोन्हीकडे डब्ल्यूपीए२ एईएस करा, विषय संपला. वरती डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स असतो तोही चालतो पुष्कळदा, पण त्यात पीएमएफ (सिक्युरिटीचीच एक जादा सेटिंग) 'रिक्वायर्ड' वर ठेवू नका, 'ऑप्शनल' वर ठेवा, नाहीतर जुनी उपकरणं दारातच अडतात. आणि काही प्रिंटर असले हट्टी असतात की मिक्स दिसला तरी येत नाहीत.

८०२.११ आर पण बंद करा. ते दोन्ही पॉइंट एकाच कंपनीचे आणि एकमेकांना ओळखणारे असले तर उपयोगाचं, फोन एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ओळख पटवण्याची सगळी कवायत पुन्हा करावी लागत नाही म्हणून. तुमच्या फायबरच्या डब्याला तुमच्या थाळीशी काही देणंघेणं नाही. एकट्याने हात पुढे करून शेकहँड होतो का?

सुईदोरा

मधेच घुसते, माफ करा. मी घरून शिवणाचे ऑनलाइन क्लास घेते, धनकवडी. आमच्या भाच्याने 'गेमिंगसाठी' म्हणून काहीतरी बदललं आणि तेव्हापासून लॅपटॉपमध्ये लिंक स्पीड ५४ च्या वर दाखवतच नाही, आधी तिनशे-चारशे दिसायचा. डबा तोच, जागा तीच. कुठे बघू?

वायरवाला

ताई, डब्ल्यूएमएम शोधा, कुठल्या डेटाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सेटिंग, कुठेतरी 'क्यूओएस' खाली असेल. बंद केलेलं असणार. ते बंद केलं की ८०२.११ एन आणि त्याच्यापुढचे दर मिळतच नाहीत, गाडी जुन्या ५४ वर येऊन थांबते, आणि ५४ दिसलं तरी हातात वीस-पंचवीसच पडतात. चालू करा आणि भाच्याला पासवर्ड देऊ नका.

सुईदोरा

बंदच होतं!! आता ३९० दाखवतंय. बाह्या जोडतानाचं क्लोजअप मुलींना आत्ता पहिल्यांदा स्वच्छ दिसलं म्हणाल्या. धन्यवाद दादा.

दुसरा_मजला

अपडेट. दोन्हीकडे डब्ल्यूपीए२, चॅनल १ आणि ११, विड्थ २०, बीकन १००, आर बंद. प्रिंटर लगेच आला, निळा दिवा स्थिर, मी खुशीत अप्पांना वर बोलावलं, त्यांनी चष्मा लावला, मी लॅपटॉपवरून प्रिंट दिली आणि... 'प्रिंटर ऑफलाइन'. अप्पा म्हणाले, मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो, तुझं चालू दे. आणि गेले.

बायकोचा फोन अजून वर आल्यावर खालचाच धरून बसतो. आधीपेक्षा बरं आहे, कधीकधी बदलतो, पण कॉल चालू असताना वळणावर तुटतोच.

मी_फक्त_वाचतो

क्लायंट आयसोलेशन.

दुसरा_मजला

अरे हो की!!! बंद केलं, प्रिंट आली, पण अप्पा तोवर दहा रुपये देऊन दोन प्रती घेऊन आले होते.

निवृत्त_टेलिफोन

आयसोलेशन म्हणजे एकाच पॉइंटवरच्या दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू द्यायचं नाही. हॉटेल, मंगल कार्यालय, लायब्ररी अशा ठिकाणी हवंच. घरात लावलं की लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही आणि फोनवरून टीव्हीवर काही टाकता येत नाही.

आता आयफोनकडे येतो. कुठल्या पॉइंटला जोडायचं हे पॉइंट ठरवत नाही, फोन ठरवतो, आणि ही गोष्ट निम्म्या लोकांच्या गावी नसते. आयफोन चालू असलेला सिग्नल -७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा शोधायलाच लागत नाही, हे कंपनीनेच लिहून ठेवलंय. आणि शोधल्यावरही दुसरा निदान ८ डीबीने चांगला हवा, तेही कॉलसारखं काही चालू असताना, फोन नुसता पडून असेल तर १२. तुमच्या कुंडीपाशी खालचा किती? -६७. म्हणजे फोनच्या मते सगळं व्यवस्थित आहे, तो शोधेल कशाला?

वर तुम्ही पॉवर हाय केलीत त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. उलट असं बघा, पॉइंटचा आवाज मोठा आणि फोनचा बारीक. गॅलरीतून आई भाजीवाल्याला हाक मारते ती त्याला गल्लीच्या टोकाला ऐकू जाते, तो 'आलो ताई' म्हणतो ते आईला ऐकू येत नाही. फोनला खालचा डबा ऐकू येतोय, डब्याला फोन धड ऐकू येत नाहीये, म्हणून कांड्या भरलेल्या आणि आवाज तुटलेला.

तेव्हा खालच्याची पॉवर कमी करा. डब्यात टक्क्यांत असेल तर १०० ची २५ करा. चौथाई म्हणजे ६ डीबी. -६७ चे -७३ होतील, वरचा तिथे -५८ आहे, फरक १५. आपोआप सुटेल.

सिंहगडरोड_त्रस्त

म्हणजे रेंज सुधारायची म्हणून रेंज कमी करायची? काका, हे ऐकून कुठल्याही बायकोचा विश्वास बसणार नाही.

निवृत्त_टेलिफोन

माझ्याही नाही बसला. मी न सांगता केलं.

विमाननगर_बी_विंग

इथेच विचारतो, नवीन धागा नको. माझापण ५ चा चॅनल १०० आहे आणि अधूनमधून सगळं दोनेक सेकंद जातं आणि चॅनल बदललेला दिसतो, लॉगमध्ये 'रडार डिटेक्टेड'. लोहगाव विमानतळ जवळ, एअर फोर्सपण आहे, त्यामुळेच ना?

निवृत्त_टेलिफोन

विमानं खिडकीतून दिसतात म्हणून रडार तेच असं नव्हे. विमानतळावरचं जे नेहमीचं विमानं बघणारं रडार, ते साधारण २.७ ते २.९ गिगाहर्ट्झवर चालतं, तुमच्या ५ शी त्याचा संबंध नाही. ५ गिगाहर्ट्झच्या आसपास काही हवामानाची आणि काही लष्करी रडारं असतात. हवामानवाली ५.६ ते ५.६५ मध्ये, म्हणजे चॅनल १२० ते १२८ च्या घरात. शिवाय पॉइंट खोटंही ऐकतो, शेजारच्या वायफायच्या एखाद्या तुकड्याला रडार समजतो, हे सर्रास होतं.

नियम असा की ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनलवर बसायच्या आधी पॉइंटने ६० सेकंद गप्प बसून ऐकायचं, रडार नसेल तरच बोलायचं, आणि नंतर कधीही रडार ऐकू आलं की उठायचं आणि त्या जागी अर्धा तास परत यायचं नाही. याला डीएफएस म्हणतात. आपल्याकडे २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना खुला झाला तेव्हापासून जागा भरपूर आहे, ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ वर या, तिथे हे नाटक नाही.

दुसरा_मजला

काका!! म्हणजे गुरुवारी लाइट आल्यावर वरचं ५ चं वायफाय मिनिटभर गायबच असतं, ते हे? मला वाटायचं पॉइंट खराब आहे, परत द्यायला पावतीसुद्धा शोधून ठेवली होती.

निवृत्त_टेलिफोन

हेच. मुकाट ऐकत बसलेला असतो बिचारा.

वायरवाला

आणि नंतरचा तास दोन तासांचा मंदपणा, माझा अंदाज सांगतो, मी बऱ्याच सोसायट्यांत बघितलंय. लाइट आली की गल्लीतले सगळे डबे एकाच मिनिटाला उठतात, सगळे ऑटोवर, उठताना आजूबाजूला बघतात, तर काय, बाकीचेही अजून उठतच असतात, सगळीकडे मोकळं दिसतं. मग निम्मे एकाच जागी जाऊन बसतात आणि दुपारपर्यंत एकेक करून हलतात. तुम्ही चॅनल नेमून दिलेत की तुमच्यापुरता गोंधळ कमी होईल, शेजाऱ्यांचं काही करता येत नाही. खाली ३६, वर १४९, दोन्हीकडे विड्थ ८० ठेवलीत तरी एकमेकांना लागत नाहीत. गर्दीच्या इमारतीत मी ४० च करतो.

जमलं तर डबा आणि पीओईचा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा ॲडॅप्टर) दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या.

आता ते ९४. मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते कुठल्याच सेटिंगमध्ये नाहीये. ९४ हा आकडा बघितला की मी पक्कड काढतो. १०० ची लिंक असली की हातात बरोबर ९३-९४ पडतात. म्हणजे केबल गिगाबिटवर चालत नाहीये. १०० ला चार वायरी पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी वायर तुटलीये किंवा जॅकमध्ये बसली नाहीये. केबल कोणी ओढली?

दुसरा_मजला

इलेक्ट्रिशियनने. त्याने जॅक दाबताना मला सांगितलं होतं साहेब हे टीव्हीच्या केबलसारखंच असतं.

वायरवाला

😐

दोन्ही टोकांचे जॅक उजेडात धरा. पारदर्शक असतात, आतले रंग दिसतात. क्लिप खाली, सोन्याच्या पट्ट्या वर: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्रत्येक तांब्याचं टोक पुढच्या भिंतीला टेकलेलं हवं.

दुसरा_मजला

वरच्या बाजूचा जॅक. बायकोने टॉर्च धरला, मी तिचं शिवणकामाचं भिंग घेतलं. सात वायरी पुढे टेकलेल्या, आठवी, शेवटची तपकिरी, दोन मिलिमीटर मागेच थांबलीये, पट्टी तिच्यापर्यंत पोचलेलीच नाही. तीन आठवडे मी सेटिंगच्या पानावर बीकन मोजतोय आणि ही तिथे.

पण मग पॉइंट चालू कसा राहिला? पॉवर त्याच केबलमधून जाते ना?

वायरवाला

तुमचा इंजेक्टर निळ्या आणि तपकिरी जोडीतून पॉवर देणारा असणार. तपकिरी जोडीतली पांढरी-तपकिरी लागलीये, सगळा भार तिच्या एकटीवर. पॉवर पोचते, पण चालवू नका तसंच, एका वायरीवर तापतं ते. जॅक कापा, नवा दाबून घ्या, शंभर-दीडशेत कोणीही करून देईल, फक्त त्या इलेक्ट्रिशियनला बोलावू नका.

दुसरा_मजला

शुक्रवार, अपडेट.

जॅक नवीन. वर स्पीडटेस्ट १९६. खालच्या डब्याची पॉवर २५ टक्के, ५ ला खाली ३६ वर १४९, वरची पॉवर हायची मिडियम. २.४ ची आणखी एक पायरी कमी ठेवली कारण फोन ५ सोडून तिकडे पळत होते. बायकोला काहीच सांगितलं नाही, ती मैत्रिणीशी बोलत खालून वर आली, वळणावर मी श्वास रोखून उभा, आणि ती 'असा काय बघतोयस' म्हणून पुढे गेली. तुटला नाही. संध्याकाळी परत दोनदा बघितलं, वर-खाली दोन्हीकडे जाताना.

तोटा एकच, खालच्या मागच्या अंगणात, जिथे आई सकाळी तांदूळ निवडत भजनं लावते, तिथे आता एकच कांडी येते. भजन थांबत नाही पण आईला कांड्या कमी झालेल्या कळल्या. २५ ची ४० करून बघतो, कुंडीपाशी -७० च्या खाली राहिला तर तसंच ठेवीन.

काल गुरुवार होता. लाइट दहाला गेली, दोनला आली. डबे उठले, ५ लगेच दिसलं, चॅनल नेमलेलेच राहिले. मंद वाटलं नाही, एकाच गुरुवारवरून जास्त बोलत नाही.

निवृत्त_टेलिफोन

-७१ किंवा -७२ मिळाले तरी चालतील. आता ते सेटिंगचं पान उघडू नका. आणि बॅकअप घेतलात ना? 'एक्सपोर्ट कॉन्फिगरेशन' असं बटण असतं, फाइल लॅपटॉपमध्ये ठेवा. परवा कुणीतरी पिन खुपसून रिसेट केलंत की सगळं पुन्हा.

दुसरा_मजला

नाही घेतला. थांबा, आलोच.